कोकण मुंबईला गेलं, नेपाळ कोकणात आलं: माणसं नक्की कशामुळे हलतात?

वाशिष्ठी (धागाकर्ती)

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली जवळपास १६ लाख ९७ हजार होती. २०११च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचंही तेच, ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजार. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला. आमची माणसं कुठे गेली हे कळायला वेगळा अभ्यास लागत नाही. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीत फिरून मंडळांचे फलक वाचले तरी पुरे, निम्म्या फलकांवर खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर सापडतं.

स्थलांतराचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "लोकसंख्या भरमसाट वाढली, म्हणून लोक बाहेर पडतात." हल्ली त्याला दुसरं जोडलं जातं, "जागतिकीकरणामुळे." दोन्ही मला अर्धी वाटतात, आणि कोकणाकडे पाहिलं की कुठे अर्धी आहेत ते दिसतं.

कालक्रम बघा. देशात मृत्यूदर खऱ्या अर्थाने उतरायला लागला तो १९२१नंतर. त्या साली देशाची लोकसंख्या २५ कोटी होती, १९५१ला ३६ कोटी झाली. म्हणजे लोकसंख्येची मोठी वाढ या काळातली. पण रत्नागिरीची माणसं त्याच्या कितीतरी आधी मुंबईत होती. १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येच गिरण्यांत, पोलिसांत, पलटणीत जाणाऱ्या कोकण्यांची नोंद आहे. १९२१च्या सुमारास मुंबईतल्या दर पाच माणसांत साधारण एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता.

मग त्यांना आधी कुणी हलवलं? मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ची. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा थांबला, आपल्या कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैसा आला. १८६९ला सुएझ कालवा उघडला. पुढे मुंबईचं सूत चीनला जाऊ लागलं. मिसिसिपीच्या काठावरच्या लढाईचा धक्का सावित्रीच्या आणि वाशिष्ठीच्या काठी लागला तो असा. हे जागतिकीकरणच होतं, फक्त १९९१च्या आधी सव्वाशे वर्षं.

त्याच काळात आमची बंदरं उतरणीला लागली. दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग ही गलबतांची बंदरं. आगबोट आणि रेल्वे आल्यावर देशावरचा माल घाट उतरून खाडीत यायचं कारणच उरलं नाही. एका बाजूने मुंबईने काम दिलं आणि दुसऱ्या बाजूने गावातलं काम काढून घेतलं. त्यात खोती, म्हणजे गावचा सारा खोताने वसूल करायची पद्धत. पिकलेल्या भातातला किती वाटा खोताच्या घरी जायचा ते जुन्या माणसांना विचारा. रोख पैसा गावात नव्हताच, तो मुंबईहून मनीऑर्डरने यायचा आणि त्यातून खोताचं देणं भागायचं. १९३७ला बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, १९३८च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर दोन-तीन पिढ्यांना गिरणीची वाट पाठ झाली होती.

लोकसंख्यावाढीने काय केलं? जमिनीचे तुकडे पाडले. आधीच कातळ, त्यात चार भाऊ. पण तुकडे पडलेला माणूस कुठे जाईल, कधी जाईल, एकटा जाईल की बायकामुलांना घेऊन जाईल, हे लोकसंख्या ठरवत नाही. ते दूरचा बाजार ठरवतो, आणि आधी गेलेला काका-मामा ठरवतो.

आता दुसरं टोक. आज रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळची माणसं आहेत. हर्णै, मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी नेपाळचे. आमची घरं कुलूपबंद आणि बागेच्या कडेच्या खोपीत सुदूर पश्चिम नेपाळमधलं कुटुंब. दोन्ही हालचाली एकाच जिल्ह्यात एकाच वेळी चालू आहेत. दर चौरस किलोमीटरला १९७ माणसं असलेल्या जिल्ह्यातून लोक "गर्दीमुळे" बाहेर पडतात हे मला पटत नाही.

तुमच्या गावाचं, घराण्याचं, कामाच्या ठिकाणचं सांगा. आकडे असतील तर उत्तम, नसतील तरी चालेल.

---

बालाघाट

चांगला धागा, ताई. आमच्या बीडचं उदाहरण तुमच्या मुद्द्याला धरूनच आहे. २०११ला बीडची घनता २४२, राज्याची सरासरी ३६५. म्हणजे आम्हीही काही दाटीवाटीने राहत नाही. तरी दिवाळी झाली की गावं रिकामी होतात.

पण आमच्या हलण्यात एक गोष्ट आहे जी तुमच्या कोकणात नव्हती: उचल. मुकादम पावसाळ्यात घरी येतो आणि आगाऊ पैसे देऊन जातो. लग्न, दवाखाना, बी-बियाणं, ज्या कशाला पैसा लागतो तो तेव्हाच हातात पडतो. मग नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि ती उचल फिटेस्तोवर ऊस तोडायचा. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, मुकादम नेईल तिकडे. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पुष्कळदा थोडी बाकी राहिलेलीच असते, ती पुढच्या हंगामावर चढते.

तर "माणूस संधी शोधत जातो" हे सगळ्यांना लागू नाही. आमच्याकडे माणूस जायच्या आधी त्याचं जाणं विकलं गेलेलं असतं. १९७२च्या दुष्काळाने अनेकांना पहिल्यांदा बाहेर काढलं, पण दरवर्षी बाहेर काढतं ते हे कर्ज. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही टोळ्या निघतातच.

---

सरळरेषा

लोकसंख्येला इतक्या सहज बाजूला सारू नका. घनता हा चुकीचा मापदंड आहे. राजस्थानात घनता कमी आहे म्हणून तिथे जमिनीवर ताण नाही असं कुणी म्हणत नाही. बघायचं ते हे, की दरवर्षी किती तरुण कामाच्या वयात येतात आणि तिथे किती कामं तयार होतात.

नेपाळच घ्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ८० लाखांच्या थोडीच वर माणसं होती. २०२१च्या जनगणनेत २ कोटी ९२ लाख. साडेतीन पट! डोंगरउतारावरची शेती साडेतीन पट झाली का? त्याच जनगणनेत सुमारे २२ लाख नेपाळी देशाबाहेर असल्याची नोंद आहे, आणि बाहेरून येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. हे लोकसंख्यावाढीशिवाय समजावून सांगता येणार नाही.

बिहारचंही तसंच. २०११ला घनता ११००च्या वर. तिथला मुलगा पुण्याला बांधकामावर का येतो यासाठी अमेरिकेतल्या युद्धापर्यंत जायची गरज नाही.

---

वाशिष्ठी

सरळरेषा, कामाच्या वयात येणाऱ्या तरुणांचा मुद्दा मान्य आहे, घनतेपेक्षा तो नक्कीच नेमका आहे. पण तुम्ही दिलेलं नेपाळचं उदाहरण पुढे नेऊ या. नेपाळमध्ये आता बाईमागे मुलांची संख्या दोनच्या आसपास आली आहे. वाढीचा वेग वर्षाला एक टक्क्याच्या खाली गेलाय. बाहेर जाणारे मात्र कमी झाले नाहीत, आखात आणि मलेशियाची दारं उघडल्यावर वाढलेच. केरळातही कुटुंबं लहान झाली तरी आखातात जाणं थांबलं नाही.

आणि सगळ्यात गरीब, सगळ्यात जास्त मुलं असलेली कुटुंबं लांब जात नाहीत. जाऊ शकत नाहीत. दुबईचा व्हिसा, एजंटाचे पैसे, तिकीट, हे ज्याला जमतं तो जातो. ज्याला जमत नाही तो बालाघाट म्हणतात तसा उचल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं ३० कोटींच्या थोडी वर आहेत, जगाच्या पावणेचार टक्क्यांच्या आत. लोकसंख्या एवढी वाढूनही जगातली बहुतेक माणसं आपल्याच देशात आहेत.

---

फेरफार

मी जमिनीच्या दाव्यांची कामं करतो, त्यामुळे हा विषय मला रोज सातबाऱ्यावर दिसतो.

पणजोबांच्या नावावर दोन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि अर्धा एकर भातशेती. आजोबा चार भाऊ. तिघे मुंबईला. त्यांची मुलं अकरा, नातवंडं सत्तावीस-अठ्ठावीस. वाटप कधी झालंच नाही, कारण मनीऑर्डर येत होती आणि गावातला भाऊ जमीन बघत होता, वाटप मागणं म्हणजे भांडण. आज त्या सातबाऱ्यावर तीसेक नावं. त्यातली काही वारली, त्यांची वारस नोंद नाही. एक बहीण इंदूरला दिलेली, तिचा पत्ता कुणाकडे नाही. एक नातू कॅनडात.

आता गावात राहिलेल्या पुतण्याला काजू लावायचा आहे. कर्ज हवं, अनुदान हवं, तर सहहिस्सेदारांची संमती लागते. सगळे मिळून नाही म्हणत नाहीत, पण सगळे मिळून सहीही करत नाहीत. तीन वर्षं प्रयत्न करून पुतण्या कंटाळतो आणि लोटे-परशुरामला कंपनीत कंत्राटी लागतो, नाहीतर पनवेल गाठतो. जमिनीवर रान माजतं.

पाहिलंत? वाढलेल्या लोकसंख्येने नावं वाढवली, स्थलांतराने ती नावं पांगवली, आणि त्या पांगलेल्या नावांमुळे पुढचा माणूस स्थलांतर करतो. कागदाने चालवलेलं हे चक्र कुठल्याच अहवालात मी वाचलेलं नाही. बाहेरचा खरेदीदार येतो तेव्हा मात्र सगळ्यांचे पत्ते सापडतात, महामार्गालगतचा भाव ऐकून कॅनडाचं मुखत्यारपत्रही येतं. आणि तीसजणांत वाटून घेतलेल्या पैशात कुणाचंच घर उभं राहत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी वारस नोंदीची शिबिरं गणपतीच्या आठवड्यात लावायला हवीत, त्या वेळी सगळे गावात असतात. आमच्याकडे काही जणांनी ही मागणी केली आहे.

---

कोंडिवरे

फेरफार, प्रत्येक शब्द खरा. आमच्या घरचीच गोष्ट लिहिलीत असं वाटलं. +१

---

लालबागची लेक

माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत, आजोबा बॉयलरवर आणि बाबा साचा खात्यात, म्हणजे मागांवर. त्यामुळे वाशिष्ठीताईंनी लिहिलेलं "आधी गेलेला काका-मामा ठरवतो" हे मी घरात ऐकत मोठी झाले.

गावकीची खोली कशी असायची ते लिहिते, कारण आता ती पाहिलेली माणसं कमी होत चाललीत. परळला चाळीत एक खोली, भाडं गावाचं, म्हणजे त्या वाडीतले जेवढे मुंबईत तेवढ्यांच्या वर्गणीतून. भिंतीला लागून ट्रंका एकावर एक. प्रत्येकाची वळकटी, ती गुंडाळून ठेवायची जागा ठरलेली. पंधरा-वीसजण एका खोलीत राहायचे ते पाळ्यांच्या जोरावर: पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागी आडवे व्हायचे. सुट्टीच्या दिवशी सगळे एकदम आले तर निम्मे गॅलरीत आणि जिन्यात झोपायचे. गावाहून नवीन पोरगा आला की आधी खोलीत नाव, मग कुणीतरी जॉबरला (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाला) सांगून त्याला बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लावायचं. नोकरी लागेपर्यंत त्याचे खाण्याचे पैसे खोली भरायची. ते नंतर फेडायचे.

जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे, शेजारच्या चाळीतली एखादी बाई, बहुतेक वेळा जिच्या नवऱ्याचं काम सुटलंय किंवा जी विधवा आहे. महिन्याचे पैसे पगाराला. सावकाराकडून धान्याला उधार घ्यायचं आणि महिनाभर चुलीपुढे उभं राहायचं. या बायकांना १९७५ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्थलांतराच्या गोष्टीत गिरणीत जाणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. त्याला जेवू घालणारी बाई आणि गावात एकटीने भात लावणारी त्याची बायको, यांच्या जिवावर तो स्वस्तात राबू शकत होता. गिरणीमालकाला कुटुंबाचा पगार द्यावा लागला नाही, कारण कुटुंबाचा खर्च गावचं शेत भरत होतं. रत्नागिरीत २०११लाही हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, तो आकडा यातूनच आलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. बाबा पहिले काही महिने गावाला जाऊन राहिले, गावची शेती होती म्हणूनच इतकी माणसं इतके दिवस टिकली. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट सांगते, जागतिकीकरणाने गिरण्या बुडवल्या असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. कापडाचं काम चीनला जायच्या आधी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. मालकांनी नफा यंत्रं बदलण्यात घातला नाही. जागतिकीकरण आलं ते नंतर, जमिनीच्या भावात. जिथे साचे होते तिथे मॉल आणि कार्यालयं उभी राहिली, आणि त्यात काम करायला लागणारं इंग्रजी आमच्या चाळीतल्या मुलांकडे नव्हतं. म्हणून आम्ही परळहून नालासोपाऱ्याला गेलो. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११मध्ये साडेसात टक्क्यांनी घटली आहे. ते आम्ही आहोत. कोकणातून मुंबईला येणं हे पहिलं स्थलांतर, आणि मुंबईतून मुंबईबाहेर हे दुसरं. दुसऱ्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, पण माझ्या आईला ते जास्त जड गेलं.

---

मांडवीकाठ

गोंयच्या वतीने लिहितो. गावकीच्या खोलीसारखीच आमची कूड. धोबीतलाव, माझगाव, डॉकयार्ड रोडच्या बाजूला एकेका गावाच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. बोटीवर चढायच्या आधी आणि उतरल्यावर तारवटी (खलाशी) तिथे राहायचे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजार (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा, तो नियम.

आमच्याकडे लोकसंख्येचा ताण हे कारण आज तरी अजिबात नाही. गोव्यात मुलं कमी, दरडोई उत्पन्न देशात वरचं. तरी सासष्टीतली घरं बंद. कारण कागद. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्याला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे ते हातात पडलं की लोक लिस्बनला न थांबता लंडनच्या साउथहॉलला नाहीतर स्विंडनला जायचे, गोदामात किंवा कारखान्यात. ब्रिटन बाहेर पडल्यावर २०२१पासून तो रस्ता अरुंद झाला. माझी दोन भावंडं अलीकडे-पलीकडे अशी वेगळी झाली: एक वेळेत पोचला, दुसऱ्याचा दाखला उशिरा आला.

म्हणजे साडेचारशे वर्षांचा जुना संबंध, एक कायदा आणि एका परदेशातलं मतदान. यात जन्मदर कुठेच नाही.

---

पाऊलवाट

या चर्चेत एक मोठा गट राहून जातोय. २०११च्या जनगणनेनुसार देशात ४५ कोटींहून जास्त माणसं "स्थलांतरित" आहेत, आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. लग्न करून सासरी गेलेल्या बायका! त्या काम शोधायला गेल्या नाहीत अशी नोंद होते. पण गेल्यावर शेतात राबतात, खानावळ चालवतात, अर्धा कोयता होतात. त्यांच्या कामाची मोजदाद लग्नाच्या रकान्याखाली गडप होते.

---

बंदरकर

आमची राजापूर तालुक्यात कलमांची बाग आहे. वाशिष्ठीताईंनी नेपाळ्यांचा विषय काढलाच आहे, तर जवळून पाहिलेलं लिहितो.

१९९०च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान सुरू झालं. कातळाला सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून कलमं लावली. पाच-सात वर्षांत ती धरायला लागली तेव्हा गावात पोरं नव्हती, ती मुंबईला गेलेली. आंब्याला वाशीचा बाजार होता, आखात होतं, २००७पासून अमेरिकाही उघडली. भाव मिळणार तो डाग नसलेल्या, वेळेत पोचलेल्या फळाला. त्यासाठी मोहोर फुटल्यापासून फवारण्या, वानरांपासून राखण, रात्री बागेत माणूस. दुबईतल्या गिऱ्हाइकाला हवा असलेला आंबा बागेत चोवीस तास माणूस मागतो, आणि आमच्याकडे माणूसच नव्हता.

आमच्याकडे जे कुटुंब येतं ते अछाम जिल्ह्यातलं. पहिल्यांदा त्याचा मेव्हणा रत्नागिरीला बोटीवर खलाशी होता, त्याने आणलं. आता आमच्या वाडीच्या आसपासच्या सगळ्या बागांत त्यांच्याच गावचे आणि शेजारच्या गावचे लोक. गावकीच्या खोलीचं जे वर्णन लालबागच्या ताईंनी केलं तेच इथे चालू आहे, फक्त चाळीऐवजी मांगर, म्हणजे बागेतली खोपी.

वेळापत्रक कसं जुळतं ते बघा. त्यांच्याकडे दसरा-तिहार (त्यांची दिवाळी) उरकतात, भातकापणी होते आणि ते निघतात. महेंद्रनगरची सीमा ओलांडली की उत्तराखंडातल्या बनबसाहून बस, मग दिल्लीहून कोकण रेल्वे. १९५०च्या तहामुळे पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. नोव्हेंबरला इकडे पोचतात, तेव्हा बागेचं काम सुरू होत असतं. जूनच्या सुरुवातीला आंबा संपतो, १ जूनपासून मासेमारीही बंद, आणि तिकडे भातलावणी जूनच्या अखेरीस. आंब्याचा हंगाम आणि त्यांच्या शेतातला रिकामा काळ एकमेकांत चपखल बसतात. ही सोय नसती तर ते आले नसते, कितीही लोकसंख्या वाढली असती तरी.

सरळरेषांचा मुद्दाही चुकीचा नाही. त्याच्या आजोबांची जमीन पाच भावांत वाटली गेली, वाट्याला आलेलं भात चार-पाच महिने पुरतं. उरलेले महिने इथे. त्याचा धाकटा भाऊ कतारला गेला, कारण यानेच आमच्याकडच्या दोन हंगामांचे पैसे एजंटाला भरले. कोकणातली मजुरी ही कतारची पायरी आहे. त्यांना तिकडे जास्त मिळेल तेव्हा ते इथे येणं बंद करतील, आणि आमच्या बागांचं काय, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

---

गुहागरचा नाथा

बंदरकर काका, राग मानू नका, पण स्थानिक मुलं काम करत नाहीत असा सूर दिसतोय. मी सत्तावीस वर्षांचा आहे, गावात राहायची इच्छा आहे. बागेत काम सात महिने. उरलेले पाच महिने काय करायचं? नेपाळी माणसाचं घर, मुलांची फी, आजारपण सगळं नेपाळच्या भावात. माझं इथल्या भावात. लग्न जमायलाही "मुंबईला खोली आहे का" असं विचारतात. मी आळशी नाही. मला बाराही महिने पगार देणारं काम गावाजवळ हवं आहे.

---

बंदरकर

नाथा, राग कसला. तू म्हणतोस ते रास्त आहे. बारा महिन्यांचा पगार एकट्या बागेतून निघत नाही. चार बागवाल्यांनी मिळून, पावसाळ्यात छाटणी, खतं, कल्टार (मोहोरासाठीचं संजीवक), प्रक्रियेचं काम जोडून दोन-तीन माणसं कायम ठेवली तर निघेल असा माझा हिशेब आहे. मला वैयक्तिक निरोप पाठव, खरंच बोलू.

---

नेकारकाठी

श्टुटगार्टहून. इथली बाजू थोडक्यात. जर्मनीत १९७२पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. माणसं बाहेरून आली नाहीत तर वृद्धाश्रम, बस, इस्पितळं चालणार नाहीत. २०२४ला महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला तो याचमुळे. म्हणजे लोकसंख्या वाढल्याने माणसं हलतात याच्या बरोबरीने, दुसरीकडे ती घटल्यानेही हलतात हे लिहायला हवं. रिकाम्या कोकणाने नेपाळला बोलावलं, म्हातारा जर्मनी लातूर-नाशिकला बोलावतो आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी एजंटाला पैसे देण्याआधी भाषा शिकावी, जर्मनच्या बी-२ पातळीशिवाय (स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येण्याइतकी) इथे परिचारिका म्हणून मान्यता साधारणपणे मिळत नाही.

---

वाशिष्ठी

नेकारकाठी, ही दुसरी बाजू मी धाग्यात घालायला हवी होती, फार नेमकी मांडलीत.

बंदरकर, एक विचारायचं होतं. त्या कुटुंबाची मुलं शाळेत जातात का?

---

बंदरकर

मोठी मुलगी जाते, वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत. मराठी आमच्यापेक्षा चांगली वाचते. धाकटा अजून लहान.

---

खडूफळा

मी शिक्षिका आहे, अशाच एका शाळेत, म्हणून यावर लिहिते. आमच्या शाळेचा पट पंधराच्या आत आहे. त्यातली निम्मी मुलं नेपाळी बागकामगारांची. गावातली मुलं मुंबईला किंवा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. या मुलांमुळे वर्गात आवाज आहे, परिपाठ होतो, कबड्डीला दोन संघ होतात.

अडचणी दोन. शाळा जूनमध्ये सुरू होते, ही मुलं दिवाळीनंतर येतात. पहिलं सत्र पूर्ण बुडालेलं असतं. आम्ही वयानुसार वर्गात बसवतो आणि मागचं वेगळं शिकवतो, शिक्षण हक्क कायदा तसंच सांगतो. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे पालकांना आणि बागवाल्यांनाही माहीत नसतं. कृपया सांगा त्यांना.

दुसरी अडचण जास्त मोठी. संचमान्यतेला (शाळेला शिक्षक मंजूर करायच्या हिशेबाला) आधार जुळलेले विद्यार्थी धरतात. या मुलांकडे बहुधा आधार नसतं. वर्गात मूल समोर बसलेलं आहे, बाराखडी लिहितं आहे, आणि शिक्षक किती द्यायचे हे ठरवताना ते मोजलं जात नाही. पट कमी दिसतो, शिक्षक कमी होतो, उद्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करा म्हणतील. ती जवळची शाळा चार किलोमीटरवर, मध्ये पऱ्या (ओढा). मग बागेतली मुलं शाळेत येणार नाहीत, आणि गावातली उरलेली तीन-चार कुटुंबंही मुलांसाठी रत्नागिरी गाठतील.

---

फेरफार

खडूफळाताई, बागमालकाने लेखी दिलं की हे कुटुंब अमुक महिन्यांपासून माझ्या बागेत राहतं, तर त्यावर ग्रामपंचायतीकडे रहिवासाचा दाखला मागता येईल. तो लावून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा: मुलांची नावं, इयत्ता, हजेरी. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. पुढे पट मोजताना हा कागद दाखवता येतो. मसुदा मी तयार करून इथेच टाकतो, ज्यांच्या गावात अशी मुलं आहेत त्यांनी वापरा.

---

बंदरकर

माझ्याकडून लेखी लगेच देतो. शेजारच्या बागवाल्यांशी या रविवारी बोलतो, आमच्या पट्ट्यात अशी किती मुलं आहेत त्याची यादी करतो. खडूफळाताई, तुमचा तालुका कोणता?

---

खडूफळा

लांजा. मसुदा आला की मी आधी आमच्या समितीपुढे ठेवते. मार्चअखेरीच्या आत व्हायला हवं, मेमध्ये ही मुलं परत निघतात.